पिंप कुणाच्या नावावर?



"व्हिस्कीचे पिंप घ्या, काही वर्षांत पैसे दुप्पट!" असे फोन हल्ली आपल्या घरांतही येतात. निवृत्तीची पुंजी हाताशी असली की मोह होतोच. आम्हांला मात्र लीथचे पॅटिसन बंधू आठवतात. हलकी व्हिस्की उंची म्हणून विकत आणि उधारीवर डोलारा उभारत त्यांनी जाहिरातींवर पैसा उधळला. १८९८ च्या अखेरीस कंपनी बुडाली, तिच्याबरोबर इतरही अनेक बुडाल्या. १९०१ मध्ये दोघे भाऊ तुरुंगात गेले.

पिंप म्हणजे सोने नव्हे. स्कॉच किमान ३ वर्षे स्कॉटलंडमध्येच, ओकच्या पिंपात मुरावी लागते. दरवर्षी सुमारे २ टक्के उडून जाते. अल्कोहोल ४० टक्क्यांखाली गेले, तर ती स्कॉच राहत नाही. शिवाय गोदामाचे भाडे आणि विमा आहेच. या विक्रीवर एफसीएचे नियंत्रण नाही. पैसे बुडाले तर बँकेतील ठेवीसारखी भरपाईही नाही. एकच पिंप अनेकांना विकल्याचे प्रकार २०२५ मध्ये बीबीसीने उघडकीस आणले.

म्हणून चकचकीत सर्टिफिकेटवर भुलू नका. डिलिव्हरी ऑर्डर मागा, पिंपाचा नंबर घ्या आणि पैसे देण्यापूर्वी थेट गोदामाला विचारा, की हे पिंप आज कुणाच्या नावावर आहे? गावाकडची गुंठाभर जमीन तरी आपण सातबारा न पाहता घेतो का?

कुणी फसले असल्यास संकोच न करता मंडळात सांगावे. फसलेला गप्प बसतो, म्हणूनच फसवणाऱ्याचे दुकान चालते.