ओवीला सोवळ्यात बसवू नका

जुने ध्वनिमुद्रण म्हणजे देवघरातले टाक. ते पुसावेत, पुजावेत, पण त्यांना भलत्याने हात लावू नये, असे मानणारा एक सोवळा पंथ आपल्यात आहे. एखाद्या तरुण संगीतकाराने संग्रहातली जात्यावरची ओवी घेतली, तिच्यात आपल्या आजीची आठवण कालवली आणि नवे गाणे उभे केले, की या पंथाला लगेच विटाळ होतो. फराळाला बसण्यापूर्वी या मंडळींशी थोडे भांडून घ्यायचे आहे.

मुळात ओवी ही काही कोणा पंडिताची बंदिश नव्हे. पहाटे जात्याचा खुंटा धरायचा, मूठमूठ दाणे घालायचे आणि आईकडून कानी आलेल्या चालीत आपल्या मनातले बोलायचे. ऐकलेल्या ओवीतला भाऊ काढून तिथे आपला भाऊ बसवायचा, परक्या गावाच्या जागी आपले माहेर घालायचे. घरोघर हेच चालत आले. ज्या बायकांनी कोणाची परवानगी न विचारता ओवी बदलली, त्यांच्याच ओवीला आता 'मूळ पाठा'चे कुलूप?

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून १,००,००० हून अधिक ओव्या जमवल्या, त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रितही झाल्या. २०१७ पासून 'पारी' या संग्रहाने त्या लोकांपुढे मांडल्या. हे काम डोंगराएवढे आहे. मूळ मुद्रण जसेच्या तसे राहिलेच पाहिजे, यात वाद नाही. पण नवे गाणे रचल्याने जुन्यातला एक स्वर तरी पुसला जातो काय? कणगी भरून ठेवायची आणि मूठभरही पेरायचे नाही, याला कोणी शेती म्हणत नाही.

हंगेरीचा बेला बार्टोक मेणाच्या नळकांड्यांवर शेतकऱ्यांची गाणी उतरवीत खेडोपाडी हिंडला आणि त्याच गाण्यांच्या बळावर त्याने आपले संगीत रचले. १९३१ साली त्याने मांडले, की चाल उचलणे वा तिची नक्कल करणे एवढ्यावर थांबू नये. ते संगीत मातृभाषेसारखे अंगी मुरावे.

पण मुरवायला ज्यांना सवड नाही, असा दुसराही एक पंथ आहे. ओवीचे दोन शब्द तोडायचे, खाली ढणढणाट लावायचा आणि वर आपले नाव ठळक छापायचे. गाणारी कोण? 'पारंपरिक'! फार सोयीचा शब्द. त्याला नाव नाही, गाव नाही, मोबदलाही द्यावा लागत नाही. जिने ओवीत साऱ्या गोतावळ्याची नावे गुंफली, तिचेच नाव गाळायचे, याला चोरी नाही तर काय म्हणावे?

तेव्हा नव्या संगीतकारांकडे दोनच गोष्टी मागाव्यात. गाणारीचे नाव-गाव, तिची किंवा तिच्या घरच्यांची संमती आणि पैशातला वाटा, ही पहिली. स्वतःची खरी आठवण, ही दुसरी. माझी आई डाळ भरडताना ओवी अर्ध्यावर सोडून खडा वेचायची, मग पुढचा चरण उचलायची. तो थांबा कुठल्याही संग्रहात सापडायचा नाही. ज्याच्याजवळ असा एखादा थांबा आहे, त्याने खुशाल नवे गाणे करावे.

वाचकहो, यंदा भाऊबिजेला घरातल्या म्हातारीला ओवी म्हणायला सांगा, नाव-गावासह ती मुद्रित करा आणि तिच्या देखत नातवंडांना त्यात आपले काही घालू द्या. म्हातारी रागावली, तर सोवळ्या पंथाचे म्हणणे खरे मानू!