मताचा भाव आणि कांद्याचा भाव

नामपूरच्या आमच्या स्टाफरूममध्ये पहिली घंटा होण्यापूर्वी देशाचे बहुतेक प्रश्न सुटलेले असतात. वर्तमानपत्र एक आणि हात पाच. त्यामुळे अग्रलेखाचे पान ज्याच्या हाती लागते तो त्या दिवसापुरता विचारवंत होतो, आणि ज्याच्या वाट्याला छोट्या जाहिराती येतात तो त्याच्याशी सहमत होतो. भाषा कमालीची संयत. ‘दोन्ही बाजूंचा विचार करता’, ‘व्यापक परिप्रेक्ष्यात पाहिले असता’, ‘भावनेच्या आहारी न जाता’. मराठीचा अध्यापक म्हणून मला या शब्दप्रयोगांचे विशेष कौतुक वाटते. कारण त्यांच्या आडोशाला उभे राहिले की ऊनही लागत नाही आणि पाऊसही लागत नाही.

उदारमतवादी वाचक पुण्यात किंवा दादरलाच आढळतो, असा एक समज आहे. तो खरा नाही. मोसम नदीच्या काठी, कसमादे पट्ट्यात, जिथे बाजार समितीबाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, तिथेही तो सुखाने नांदतो. फरक असलाच तर इतकाच, की शहरातल्या वाचकाचा कांद्याशी संबंध पिशवीपुरता असतो. आमच्यापैकी निम्म्यांचा कांदा मात्र भावाच्या चाळीत पडून असतो. तरीही त्याविषयीचे मत पुण्याहून आलेले असते.

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. जिल्ह्यात लिलाव बंद पडले, भाव कोसळले, शेतकरी रस्त्यावर उतरले. बाजार मुक्तच असला पाहिजे, असे आमच्या एका सहकाऱ्यांनी त्या सकाळी ठासून सांगितले. महिन्याभरापूर्वी किरकोळ बाजारात कांदा कडाडला होता, तेव्हा सरकार झोपले आहे काय, असे याच गृहस्थांनी विचारले होते. ही विसंगती मी नम्रपणे निदर्शनास आणली. ते म्हणाले, “सर, उदारमतवाद म्हणजे विरोधी मताचा आदर.” दोन्ही मते त्यांचीच होती हे खरे, पण आदर होता. ४ मे २०२४ ला बंदी उठली, तोवर लाल कांद्याचा हंगाम संपून गेला होता. आमची चर्चाही तोपर्यंत दुसऱ्या विषयाकडे वळली होती. मत बदलायला आम्हांला एक चहा पुरतो. कांद्याचे तसे नसते. एकदा जमिनीत लावला की चार महिने त्याच्याबरोबर राहावे लागते.

हे सगळे मी दुसऱ्यांविषयी लिहितो आहे, असा वाचकांचा गैरसमज होऊ नये. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपीट झाली. त्याच वर्षी डिसेंबरात ‘लोकसत्ता’त ‘बळीराजाची बोगस बोंब’ हा अग्रलेख आला. शेतकऱ्यांच्या मदतीच्या मागणीवरील त्या टीकेने मोठा रोष ओढवून घेतला. मी तेव्हा तिशीत होतो आणि लोकप्रिय नसलेले मत बाळगणे हेच धैर्य, अशी माझी समजूत होती. मी त्या अग्रलेखाच्या निर्भीडपणाचे स्वागत करणारे पत्र एका दैनिकाला धाडले. ते छापून आले. खाली माझे नाव आणि ‘नामपूर, जि. नाशिक’. कात्रण घेऊन मी गावी गेलो.

नानांनी चष्मा लावून ते सावकाश वाचले. त्या वर्षी गारांनी आमचा उभा कांदा झोडपला होता. माझ्या एम.ए.ची फी ज्या शेताने भरली, तेच ते शेत. पत्रात ‘व्यापक परिप्रेक्ष्य’ दोनदा आले होते. वाचून झाल्यावर त्यांनी कात्रणाची नीट घडी घातली आणि एवढेच म्हणाले, “नाव तं ठळक छापेल शे.” पुढे काहीच बोलले नाहीत. मीही नाही.

वर्गात लोकहितवादींची शतपत्रे शिकवताना मला ती घडी आठवते. १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात त्यांची १०८ पत्रे प्रसिद्ध झाली. म्हणजे वर्तमानपत्राला पत्र लिहिणारा सुशिक्षित नोकरदार ही मराठीतली फार जुनी परंपरा आहे. मात्र त्या पत्रांतले सगळ्यांत कठोर शब्द लेखकाच्या स्वतःच्या जातीसाठी आणि वर्गासाठी होते. पुढे १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांकडून ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण आले, तेव्हा ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या जोतीरावांनी ते नाकारले. ज्यांच्याविषयी बोलायचे ते त्या सभेत कुठे आहेत, हा त्यांच्या नकारामागचा प्रश्न होता. आमच्या वाचकपत्रांना आणि स्टाफरूमला तो अजून लागू आहे.

याचा अर्थ शेतकऱ्यावर टीका करू नये, असा नव्हे. शेतकऱ्याच्या मुलाने तर ती अवश्य करावी. घरात बसून अश्रू ढाळणारे ग्रामीण साहित्य मला काही त्याहून बरे वाटत नाही. माझे म्हणणे इतकेच की, ज्या मताची किंमत दुसरा कोणी मोजणार आहे, ते मत आधी त्याच्या समोर बसून मोठ्याने वाचता आले पाहिजे. आवाज अडखळला, तर व्याकरणाबाहेरची काही चूक झाली आहे असे समजावे.

उद्या सकाळी वर्तमानपत्र येईल, घंटेपूर्वी देशाचे प्रश्न पुन्हा सुटतील, आणि मलाही पत्र लिहिण्याची हुक्की येईल. नाना आता ऐंशीला टेकले आहेत, दृष्टी अधू झाली आहे. पत्र टपालात टाकण्यापूर्वी ते त्यांना मलाच वाचून दाखवावे लागेल.