विश्लेषण : परिस्थितीनुसार बदलणारे रसायन का हवे?
प्रथिनांतील २० अमिनो आम्लांपासून तीन दुव्यांच्या ८,००० साखळ्या बनू शकतात. पाण्यात त्यांपैकी कोणत्या आपोआप एकत्र येतील, याचा अंदाज राइन उलाइन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये संगणकावर बांधला. पुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे. अशा लघुपेप्टाइडांच्या मिश्रणात बंध जोडणारे व तोडणारे विकर घातले, की टिकाऊ रचना बांधणाऱ्या साखळीचे प्रमाण वाढते. क्षार किंवा द्रावक बदलला, तर ही निवडही बदलू शकते. याला सजीव म्हणण्याची घाई नको. विकर आणि कच्चा माल माणूसच पुरवतो. पण परिस्थितीला प्रतिसाद देणारे पदार्थ हवे असतील, तर रसायनशास्त्राने केवळ शुद्ध रेणूंचा आग्रह सोडून मिश्रणांकडेही गांभीर्याने पाहायला हवे.