घेणारा एक, राखणारा दुसरा

दसरा जवळ आला की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बातमी शोधावी लागते. वर टीव्ही, खाली फ्रिज, मधे मोबाइल, आणि गेली काही वर्षं कोपऱ्यात टॅब धरून हसणारं एखादं पोरगं. साडेतीन मुहूर्तांवर सोनं घ्यावं, गाडी घ्यावी, जागेचा बयाणा द्यावा, ही आपली रीत. त्या यादीत आता दुसरीतल्या मुलाचा टॅब, चौथीतल्या मुलीचं स्मार्टवॉच आणि पाचवीतल्याचा प्लेस्टेशन येऊन बसलेत. त्यांच्यामागोमाग घराघरांत एक भांडणही आलंय. ते मोठ्या आवाजात होत नाही. मुलं झोपल्यावर, दार लोटून, 'हळू बोल, जागा होईल तो' असं एकमेकांना बजावत होतं. सकाळी डबे भरताना त्याचा उरलेला भाग.

बहुतेक घरांत बाबा म्हणतात 'घेऊ या' आणि आई म्हणते 'एवढ्यात नको'. उलटही असतं, त्याकडे येतेच. बाबांची वाक्यं ठरलेली: जग कुठं चाललंय, वर्गात सगळ्यांकडे आहे, आम्हाला नाही मिळालं, निदान त्याला तरी मिळू दे. आईची वाक्यंही ठरलेली: डोळे जातील, अभ्यास राहील, पैसे वर आलेत का. ऐकणारे आपण बाबा काळाबरोबर चालणारे आणि आई जुन्या वळणाची, चिक्कू, असा निकाल लावून मोकळे होतो. हा निकाल मला मान्य नाही. आईचा नकार पैशांतून किंवा भीतीतून येतो असं आपण धरून चालतो, पण तिच्या डोक्यात वेगळाच हिशोब चालू असतो.

मागे आमचे धाकटे भावजी, जाऊ आणि सात वर्षांचा पुतण्या यांच्याबरोबर ठाण्यातल्या एका मोठ्या दुकानात गेले होते. मला मिक्सरचं चटणीचं भांडं हवं होतं. (सुटं मिळत नाही, अख्खा मिक्सर घ्या म्हणाले. असो.) भावजींना 'नुसता बघायचा' होता पीएस फाइव्ह. तिथल्या विक्रेत्याचं कसब मी बघत राहिले. चोविसेक वर्षांचा मुलगा, गळ्यात ओळखपत्र. त्याने दोन मिनिटांत आमच्या कुटुंबाची वाटणी केली. पुतण्याच्या हातात कंट्रोलर दिला आणि त्याला समोरच्या पडद्यापुढे उभं केलं. भावजींना फोर के, फ्रेम रेट, स्टोरेज असं सगळं सुनावलं. २०२१ च्या फेब्रुवारीत हा भारतात आला तेव्हा ४९,९९० रुपयांना होता, हे भावजींना त्याच्याआधी पाठ होतं. भावजींच्या लहानपणी त्यांच्या गल्लीत एक जण टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम तासावर भाड्याने द्यायचा. पिवळ्या कॅसेटवाला. त्याच्या दारात चपला काढून रांगेत बसणाऱ्यांत भावजी असायचे, हे सासूबाई अजून सांगतात. तेव्हा हा पीएस फाइव्ह नक्की कुणासाठी चाललाय, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण वहिनीने किती बोलावं याला मर्यादा असते.

मग तो विक्रेता जाऊकडे वळला. बायकांशी बोलायच्या त्याच्या दोनच गोष्टी होत्या. पहिली, 'नो कॉस्ट ईएमआय'. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते कुठं ना कुठं लपवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना ठणकावलं होतं. पण नाव बदलून ते परत काउंटरवर येऊन बसलंय. जाऊ बँकेतच आहे, तिने नुसती मान हलवली. एकेका नव्या गेमचे पाच-पाच हजार पडतात, ऑनलाइन खेळायचं तर त्याची वर्गणी वेगळी, हे तिनेच त्याच्याकडून वदवून घेतलं. मग त्याने हुकमाचं पान टाकलं.

'मॅडम, पॅरेंटल कंट्रोल आहे ना यात. सगळं तुमच्या हातात!'

'तेच तर नकोय मला,' जाऊ म्हणाली.

मुलगा गोंधळला. भावजीही गोंधळले. मला मात्र ती काय म्हणतेय ते लख्ख कळलं, कारण त्यांच्या घरातल्या आयपॅडचा इतिहास मला माहीत आहे.

तो आयपॅड मामाने आणला. न्यूजर्सीहून डिसेंबरात आलेला मामा, भाच्यासाठी काही तरी आणणारच. पूर्वी परदेशचा मामा चॉकलेटं, सेंट आणि फार तर एखादं घड्याळ आणायचा. या मामाने आयपॅड आणला, तोही विचारून नव्हे, 'सरप्राइज' म्हणून. फुकट आलेली वस्तू, त्यामुळे 'घ्यायचा की नाही' हा वाद झालाच नाही. मामा जानेवारीत परत गेला, आयपॅड राहिला. भावजींनी एका रविवारी बसून 'स्क्रीन टाइम' लावलं. रोज एक तास, रात्री आठनंतर सगळं बंद. दोघांचेही फोन पालक म्हणून जोडले. काम फत्ते म्हणून चहा प्यायले.

आता यात एक बटण असतं. वेळ संपली की मुलाच्या पडद्यावर आणखी वेळ मागायची सोय येते. त्याने ते दाबलं की आई-बाबांच्या फोनवर अर्ज येतो. मंजूर करायचं तर पंधरा मिनिटं, एक तास किंवा पूर्ण दिवस, नाही तर नामंजूर. संध्याकाळी साडेसहाला जाऊ बँकेतून आलेली असते. एका शेगडीवर कुकर, दुसरीकडे कणिक, टेबलावर पोराची वही उघडी आणि त्यात 'पाण्याचे उपयोग' अर्धवट. अर्ज आला की ती नामंजूर करते. तोच अर्ज ऐरोलीला मीटिंगमध्ये बसलेल्या भावजींच्या फोनवरही उमटतो. समोर कुणी तरी तक्ते दाखवत असतं, यांचा अंगठा सहज 'एक तास'वर पडतो. त्यांना वाटतं, पोराला खूश केलं, दोन सेकंदांत. इकडे पोरगं आयपॅड आईच्या नाकासमोर धरतं: 'बाबांनी दिलाय.' पुढचा तासभर तिने काय करायचं? आयपॅड ओढून घेतला तर रडारड, नाही घेतला तर पाण्याचे उपयोग उद्या बाईंना कोण दाखवणार? रात्री नऊला भावजी येतात तेव्हा तंटा आटोपलेला असतो. त्यांना दिसते ती चिडलेली बायको आणि हिरमुसलेला मुलगा. 'काय गं, एवढंसं कारण!' असं ते म्हणतात, आणि खरंच त्यांच्या दृष्टीने ते दोन सेकंदांचंच असतं.

या वस्तू आणल्या की मुलं कोडिंग शिकतील, तंत्रज्ञानात मागे पडणार नाहीत, असं सांगतात. आमचा पुतण्या आठ महिन्यांत एवढंच शिकला की फाइल कुठल्या टेबलावर सरकवली की लवकर पास होते.

आपल्या लहानपणीही अशी भांडणं व्हायचीच. स्कॉलरशिप मिळाली तर सायकल, दहावी झाल्यावर घड्याळ. ती भांडणं निव्वळ पैशांची होती, म्हणून ती संपायचीही. आजोबांनी निम्मे घातले, वडिलांच्या बोनसमधून उरलेले आले, एचएमटी मनगटावर चढलं, विषय मिटला. घड्याळाला रोज किल्ली दिली की झालं. सायकलवरून पोरगं पडायचं, ढोपर फुटायचं, त्यावर हळद दाबली जायची. 'पुरे आता, घड्याळ काढून ठेव' असं कुठल्या आईला रोज संध्याकाळी ओरडावं लागत होतं? टॅब आणि गेमिंग कन्सोलचं भांडण मात्र पैसे भरल्यावर सुरू होतं. 'घेऊ या' म्हणायला एक संध्याकाळ पुरते. 'बंद कर आता' हे पुढची सहा-सात वर्षं रोज म्हणावं लागतं. पहिलं वाक्य एकाचं आणि दुसरं दुसऱ्याचं, हे ज्या घरात ठरून गेलंय तिथे पहिल्या वाक्यावर वाद होणारच. चांगुलपणा एकाच्या खात्यात जमा होतो आणि वाईटपणा दुसऱ्याच्या.

आता उलट बाजू. आमच्या मजल्यावर एक नर्स राहते, पाळ्यांची नोकरी. तिची पोरगी अडीच वर्षांची. तिला मोबाइल दाखवल्याशिवाय घास जात नाही. नर्सच्या नवऱ्याला हे मुळीच पसंत नाही. तो सोफ्यावर बसून, स्वतःच्या फोनवरून मान वर न करता, 'मोबाइल लावून भरवू नकोस गं' असं सांगतो. इथे आई 'हो' म्हणतेय आणि बाबा 'नको'. पण राखणदार कोण, ते बघितलं तर गणित तेच. रात्रपाळीहून आलेल्या बाईला वाटीभर वरणभात वीस मिनिटांत पोटात जायला हवाय. ज्याला भरवायचं नाही त्याला तत्त्व परवडतं.

डॉक्टर मंडळींचं म्हणणं आपल्याला आता तोंडपाठ झालंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी असेल तर उत्तमच. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही दोन वर्षांच्या आत अजिबात नको म्हणतात. सगळं रास्त आहे. पण ते कागद दवाखान्यात नेहमी आईच्याच हातात दिले जातात, कारण लस द्यायला मूल तीच घेऊन आलेली असते. २०२० च्या जुलैमध्ये केंद्राने ऑनलाइन वर्गांचे नियम काढले, बालवाडीला अर्ध्या तासाच्या वर नको वगैरे. तेव्हाही तो अर्धा तास कुणाच्या फोनवर चालला आणि कोण शेजारी बसलं, ते ज्याचं त्याने आपल्या घरात आठवून बघावं.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तीनेक हजार वस्तीचं गाव. २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद होतात. साडेआठला दुसरा भोंगा वाजेपर्यंत मुलं पुस्तकं घेऊन बसतात. बातम्यांत भोंग्याचंच कौतुक फार झालं. मला महत्त्वाचं वाटलं ते हे की, हा निर्णय त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी महिलांच्या सभेत झाला. म्हणजे रोज सातला ओरडून ज्यांचा घसा बसत होता, त्यांनीच ठरवलं. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशाताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी दारोदार फिरून बघत होते. 'बंद कर' म्हणायचा वाईटपणा गावाने भोंग्यावर टाकला आणि घरातल्या बाईची त्यातून सुटका झाली. त्याच सुमारास यवतमाळकडच्या बांशी गावाने अठराच्या आतल्यांना मोबाइल बंदच करायचा ठराव केला. अशी सरसकट बंदी मला तितकीशी पटत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला फॉर्म भरायचे असतात, निकाल बघायचा असतो. वडगावची रीत मला जास्त जवळची वाटते, कारण तिने वस्तूला हात लावला नाही, राखण तेवढी वाटून घेतली.

शहरात देवळावर भोंगा लावता येत नाही. सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या पुढे विषय जात नाही. तेव्हा ज्याचं त्याने घरातच बघायला हवं. माझं मत विचाराल तर रोज राखण कोण करणार ते आधी ठरावं, आणि मत फक्त त्याला असावं. दुकानात कार्ड कुणाचं घासलं जातंय, याचा त्या मताशी संबंध नाही. बाबांना फारच हौस असेल तर त्यांनी संध्याकाळ आपल्या नावावर करावी, अर्ज आपल्याच फोनवर घ्यावेत, आणि ते पुढ्यात उभ्या असलेल्या, नाक ओढणाऱ्या पोराकडे बघून नामंजूर करून दाखवावेत. आजी-आजोबांनी पासवर्ड विचारू नये. परदेशच्या मामांनी चॉकलेटं आणावीत, ती आम्ही एका दिवसात संपवतो.

दुकानातून आम्ही पीएस फाइव्ह न घेता आणि भांडं न मिळता परत आलो. आठवडाभर भावजींच्या घरात हळू आवाजातली बैठक चालली. शेवटी जाऊने अट घातली: घे, पण आयपॅडच्या पालकांमधून माझं नाव काढ, आणि सोमवार ते शुक्रवार सात ते साडेआठ तू घरी. भावजींना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी कॅलेंडर उघडलं, ऐरोलीहून सहाला सुटणारी बस शोधली, आणि साहेबांकडे आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागितलं. ते मंजूर झालंय. उरलेल्या तीन दिवसांसाठी त्यांचा प्रस्ताव असा की कंट्रोलर लोखंडी कपाटात ठेवायचे आणि किल्ली ऑफिसला न्यायची. परवा जाऊने मला फोन केला तेव्हा हा प्रस्ताव तिच्या विचाराधीन होता. 'किल्ली विसरून गेला तर ताई,' ती म्हणाली, 'ती परत राखायची कुणी?'