स्वस्ताई कोणाची ?

सन १९२९ पासून १९३९ पर्यंतच्या दहा वर्षांचा विषय निघाला कीं आपल्याकडे एक ठराविक उद्गार ऐकूं येतो, तो हा कीं, "काय ती स्वस्ताई!" त्या वेळीं घरखर्चाचा हिशेब आण्या-पैंत होत असे, रुपया मोडावयास माणूस कचरत असे, आणि थोड्या मिळकतींत मोठें कुटुंब सुखानें नांदत असे, असें चित्र घरोघर रंगविलेलें आढळतें. हें चित्र खोटें नाहीं. पण तें अर्धें आहे. नामपूरसारख्या बाजारपेठेच्या गांवांत राहणाऱ्यांनीं तरी त्याचें दुसरें अर्ध पाहिल्यावांचून राहूं नये. मोसम नदीच्या कांठचें हें गांव शेतमालाच्या भावावर जगतें. येथें भाव उतरला म्हणजे गिऱ्हाइकाचे चार पैसे वांचतात हें खरें. पण ते चार पैसे कोणाच्या तरी पदरांतून गेलेले असतात, आणि तो कोणी बहुधा याच बागलाणांतला शेतकरी असतो.

प्रथम आंकडे पाहूं. १९१४ सालच्या घाऊक किंमती १०० धरून कलकत्त्याच्या बाजाराचा जो निर्देशांक काढीत असत, तो १९२९ सालीं १४१ होता. १९३३ सालीं तो ८७ वर आला; म्हणजे चार वर्षांत शेंकडा अडतीस भाव उतरले. ही सर्व जिनसांची सरासरी झाली. शेतकऱ्याचा माल याहून अधिक उतरला व कित्येक जिनसांचा भाव निम्म्यावर आला. उलट कारखान्यांत तयार होणारा, त्याला विकत घ्यावा लागणारा माल तितका उतरला नाहीं. १९३७ सालीं निर्देशांक १०२ पर्यंत चढला, तेव्हां मंदी सरली असें लोकांस वाटूं लागलें. इतक्यांत अमेरिकेंतील व्यापार पुन्हां बसला आणि १९३८ सालीं आपला निर्देशांक ९५ वर घसरला. दुसरें महायुद्ध सुरू होईपर्यंत १९२९ सालचा भाव शेतकऱ्यास पुन्हां दिसला नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं, सर्वच वस्तु स्वस्त झाल्या तर शेतकऱ्याचें काय बिघडलें ? त्याचें धान्य स्वस्त गेलें, तसें कापडहि थोडेंबहुत स्वस्त आलें. हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण त्यांत एक गोष्ट वगळलेली आहे. माणसाचें सर्वच देणें बाजारभावानें ठरत नसतें. रयतवारी मुलखांत सरकारसारा रोख रुपयांत ठरलेला असे व जमाबंदीची मुदत सामान्यतः तीस वर्षांची असे. सावकाराचें मुद्दल व व्याज हींहि रुपयांतच लिहिलेलीं असत. समजा, एका शेतकऱ्यास सारा व व्याज मिळून वर्षास साठ रुपये देणें आहे. बाजरीचा भाव मणास चार रुपये असतां त्याला पंधरा मण बाजरी विकून हें देणें भागवितां येई. भाव दोन रुपयांवर आला कीं त्याच साठ रुपयांसाठीं तीस मण बाजरी बाजारांत न्यावी लागे. शेत तेंच, पाऊस तोच, मेहनत तीच. पण घरच्या कणगींतले पंधरा मण जास्तीचे गेले. बाजारांत धान्य स्वस्त झालें आणि पिकविणाऱ्याच्याच घरांत तें कमी झालें, या विलक्षण प्रकाराचें मर्म हें आहे.

कर्जाचीहि तीच गति. मध्यवर्ति बँकिंग चौकशी समितीनें १९३१ सालीं हिंदुस्थानांतील शेतकऱ्यांचें कर्ज सुमारें ९०० कोटि रुपये धरलें होतें. पुढें भाव पडत गेले तसतसें हें कर्ज धान्याच्या मापानें वाढत गेलें. दस्तऐवजांतलें एक अक्षरहि न बदलतां देणें दुप्पट झालें. कायद्याच्या दृष्टीनें येथें कोणीं कोणास फसविलें नाहीं. दस्तऐवज खरा, सही खरी, साक्षीदार खरे. कोर्टानें हुकूमनामा दिला तर तोहि नियमास धरूनच. अन्याय झाला तो कागदांत नव्हे, रुपयाच्या बदललेल्या मोलांत. आणि त्याची दाद कोणत्या कोर्टांत मागावी हें कोणत्याहि कलमांत लिहिलेलें नव्हतें. पीक बुडालें तर साऱ्याची तहकुबी वा सूट देण्याची रीति सरकारांत होती. पण पीक भरघोस यावें आणि भाव बुडावा, अशा आपत्तीसाठीं ती रीति घातलेली नव्हती.

यांत परक्या सरकारच्या धोरणाची भर पडली. रुपयाचा हुंडणावळीचा दर १९२७ च्या कायद्यानें १ शिलिंग ६ पेन्सांस बांधण्यांत आला. तो १ शिलिंग ४ पेन्स असावा म्हणून सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्यासारखे व्यापारी कंठशोष करीत होते. हिशेब सोपा आहे. परदेशीं एक पौंडास विकलेल्या मालाचे १६ पेन्सांच्या दरानें १५ रुपये येत. १८ पेन्सांच्या दरानें १३ रुपये ५ आणे ४ पै येऊं लागले. मंदी येण्यापूर्वींच निर्यातीच्या मालावर ही कात्री लागलेली होती. पुढें १९३१ च्या सप्टेंबरांत इंग्लंडनें सुवर्णचलन सोडलें, तेव्हांहि रुपया त्याच दरानें पौंडाच्या दावणीस बांधलेला राहिला. त्याच वर्षीं तूट भरून काढण्यासाठीं मिठावरील कर मणास सव्वा रुपयावरून एक रुपया नऊ आण्यांवर नेला, आणि अर्ध्या आण्याचें पोस्टकार्ड पाऊण आण्यास झालें. १९३४ सालीं आगपेटीवर जकात बसली. दांडीच्या यात्रेस एकच वर्ष झालेलें असतां मिठाचाच कर वाढावा, यावरून त्या राज्यकर्त्यांस रयतेच्या हालांची किती कळकळ होती हें दिसून येतें. ज्या वस्तु शेतकरी विकी त्या उतरल्या. ज्या त्याला घेतल्यावांचून गत्यंतर नव्हतें, त्यांतल्या कांहीं महागल्या. या काळास सरसकट "स्वस्ताई" म्हणणें म्हणजे ताजव्याचें एकच पारडें पाहण्यासारखें आहे.

मग हें देणें कशांतून फिटलें ? पुष्कळ अंशीं सोन्यांतून. १९३१ पूर्वीं तोळ्यास सुमारें २१ रुपये असलेला सोन्याचा भाव पौंड सुवर्णचलनांतून सुटतांच चढूं लागला व पुढें तीस रुपयांच्या वर गेला. खेड्यापाड्यांतून मोडीचें सोनें निघालें आणि मुंबईच्या धक्क्यावरून कोट्यवधि रुपयांचें सोनें परदेशीं गेलें. देश श्रीमंत आहे म्हणूनच तो सोनें विकतो, असा अर्थ सरकारपक्षानें लावला. वस्तुतः हें सोनें होतें कोणाचें ? बहुतांशीं तें घरांतील स्त्रियांच्या अंगावरचें. स्त्रीधनावर सत्ता स्त्रीची, असें आपलें धर्मशास्त्र सांगतें. पण दुष्काळासारख्या आपत्तींत पतीनें तें घेतल्यास परत करण्याचें बंधन त्याच्यावर नाहीं, असा अपवादहि त्यांतच आहे. मंदीच्या वर्षांत या अपवादाचाच नियम झाला. पाटल्या, गोठ, पुतळ्यांची माळ हीं एकामागून एक उतरलीं, आणि भाव सुधारल्यावर तीं परत घडविलीं गेलीं असें थोड्याच घरीं झालें असेल. १९३७ सालीं हिंदु स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा झाला, तो शेतजमिनीस लागू नाहीं असें फेडरल कोर्टानें १९४१ सालीं ठरविलें. म्हणजे शेतकऱ्याच्या बायकोचें सोनें जमिनीसाठीं गेलें, आणि त्या कायद्यानें तिला जमिनींत कांहींच दिलें नाहीं. स्वस्ताईच्या गोष्टी सांगणारांनीं ही बाजू सहसा सांगितलेली नाहीं.

लोकांच्या करमणुकीकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. भरजरी पडदे व मोठा लवाजमा बाळगणाऱ्या संगीत नाटक मंडळ्या या दशकांत खचल्या. १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट निघाला, आणि १९३५ सालीं खुद्द बालगंधर्व प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' या बोलपटांत उतरले. नाटकाच्या तिकिटाचे रुपये ज्यास परवडत नसत, तो थोड्या आण्यांत बोलपट पाहूं लागला. तेथें तो केवळ मन रमविण्यासाठीं गेला असें मात्र नव्हे. बाबूराव पेंटर यांनीं 'सावकारी पाश' हा मूकपट १९२५ सालीं काढला होता. सावकारापायीं शेत गमावून शहरांत मजुरीस जाणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. तिचाच बोलपट १९३६ सालीं पुन्हां निघाला. त्याच वर्षींचा 'संत तुकाराम' मुंबईस एक वर्षाहून अधिक काळ चालला. त्यांत तुकोबांची भक्ति आहे, तशीच रिकाम्या डब्याकडे व उपाशी मुलांकडे पाहून कडाडणारी आवडीहि आहे. ती प्रेक्षकांस आपल्याच घरांतली वाटली असल्यास नवल नाहीं. १९३७ च्या 'कुंकू'मध्यें पोरक्या मुलीस तिचा मामा एका वयस्क वकिलाच्या गळ्यांत बांधतो. गरजेच्या घरीं मुलीचेंहि मोल होतें, ही गोष्ट त्या चित्रानें समाजापुढें उघडी केली. आणि वर वकील आहे म्हणून आमच्या धंद्यास ती विशेष बोंचावी हें उचितच आहे.

तर मग स्वस्ताईची गोड स्मृति आली कोठून ? जे ठराविक पगारावर वा पेन्शनीवर जगत, ज्यांचें व्याज ठराविक येई, त्यांच्या घरांतून. सरकारी नोकरांच्या पगारांत शेंकडा दहा काट झाली होती खरी, पण भाव त्याहून अधिक पडल्यामुळें त्यांचें नुकसान झालें नाहीं. या वर्गास लिहितां येत होतें, त्यानें आठवणी लिहिल्या, आणि त्याच्या घरची आठवण ती साऱ्या महाराष्ट्राची आठवण होऊन बसली. मुंबईचे गिरणीकामगार पगारकाटीविरुद्ध १९३४ सालीं संपावर गेले. धान्य स्वस्त असतांना ते सुखांत असते तर संप कशास करिते? आणि ज्यास स्वतःची जमीन नाहीं, ज्याच्या हातास काम नाहीं, त्यास रुपयाला किती शेर मिळतात हा प्रश्नच पडत नाहीं. रुपया कोठून आणावा हा पडतो.

भाव म्हणजे पाऊस, त्यापुढें इलाज नाहीं, असें म्हणणारांस याच मुलखांतलें एक उदाहरण दाखवितां येईल. १९३२ सालीं साखरेच्या धंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला व परदेशी साखरेवर जबर जकात बसली. लगेच देशभर कारखाने निघाले. आपल्या शेजारीं मालेगांव तालुक्यांत रावळगांव येथें शेठ वालचंद हिराचंद यांचा कारखाना १९३३ सालीं उभा राहिला. मंदीच्या ऐन भरांत उसास गिऱ्हाईक मिळालें, तें कायद्यामुळें. उसासाठीं जें झालें तें बाजरीसाठीं व कापसासाठीं झालें नाहीं, कारण करावयाचें नव्हतें. १९३६ च्या डिसेंबरांत फैजपूर येथें काँग्रेसचें पहिलें ग्रामीण अधिवेशन भरलें व शेतकऱ्याच्या देण्याचा प्रश्न राष्ट्रीय सभेच्या मांडवांत आला. १९३७ सालीं खेर मंत्रिमंडळ अधिकारावर आलें. त्याच्या कारकीर्दींत १९३८ सालीं लहान जमीनधारकांस सवलत देणारा, आणि १९३९ सालीं शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा व शेतमालाच्या बाजारांचा, असे कायदे झाले. उपाय योग्य होते. पण दहा वर्षें उशिरां आले. ज्यांच्या जमिनी मधल्या काळांत गेल्या, त्यांस ते फारसे उपयोगी पडले नाहींत.

हा सर्व इतिहास आज सांगण्याचें कारण नामपूरच्या बाजार समितीच्या आवारांतच आहे. बाजरीच्या जागीं कांदा ठेवला कीं प्रश्न तोच. २०२३ च्या ऑगस्टांत कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० कर बसला; ८ डिसेंबर २०२३ रोजीं निर्यातच बंद झाली; ४ मे २०२४ रोजीं ती उघडली, पण टनास ५५० डॉलर किमान किंमत व तोच ४० टक्के कर ठेवून. पुढें कर २० टक्क्यांवर आला व १ एप्रिल २०२५ पासून उठला. म्हणजे वीस महिन्यांत इतक्या वेळां नियम फिरले. शहरांत कांदा स्वस्त राहावा हा हेतु. पण बियाणें, खत, मजुरी आणि कर्जाचा हप्ता हे कांद्याच्या भावाबरोबर खालीं येत नाहींत. सरकार आतां परकें नाहीं, सारा आतां जाचक नाहीं. तरीहि देणें रुपयांत ठरलेलें आणि माल बाजाराच्या स्वाधीन, हा १९३३ चा पेंच जसाच्या तसा आहे.

आमचें म्हणणें तीन कलमांत सांगतां येईल. एक, पीक बुडाल्यावर जशी कर्जाची फेररचना होते, तशीच भाव बुडाल्यावरहि झाली पाहिजे; दोन्हीहि आपत्तिच आहेत. दोन, निर्यातीचें धोरण लागवडीपूर्वीं जाहीर व्हावें आणि माल चाळींत असतांना तें फिरवूं नये. तीन, व्यापाऱ्यांनीं चोख वजन व वेळेवर रोख चुकारा हा आपला धर्म समजावा. गिऱ्हाइकाची पत राहिली तरच पेठेची राहते, आणि येथें पेठेचें गिऱ्हाईक म्हणजे तोच कांदेवाला शेतकरी आहे. तो कापड, लोखंड, किराणा घेण्यास आला नाहीं म्हणजे दुकानें ओस पडतात, हें कोणत्याहि वहीखात्यांत दिसतें.

शहरांतल्या गृहस्थासहि एक सांगणें आहे. भाजीवाल्याकडे कांदा मातीमोल झालेला दिसला, तर पिशवी भरण्यापूर्वीं त्यानें हा भाव कोणाच्या देण्यांतून आला असा विचार करावा, आणि सरकारपाशीं केवळ स्वस्ताई न मागतां पिकविणाऱ्यास परवडणारा भाव मागावा. मंदीच्या काळीं ही मागणी करणारा सुशिक्षित वर्ग फार थोडा होता. आज तो मोठा आहे, त्याला मत आहे व वृत्तपत्र आहे. त्यानें गप्प बसण्यास सबब उरलेली नाहीं.