स्टॉलवरच्या पोट्ट्यानं "चालते, मारा" म्हणू नये

कृषी प्रदर्शनाला आपल्या वणी तालुक्यातून कास्तकार जातात ते टाइमपास करायला नाही. नागपूरचं अ‍ॅग्रोव्हिजन २००९ पासून भरतंय, जिल्ह्यातही कृषी महोत्सव होतात. वरोऱ्यावरून नागपूरला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, गाडीभाडं वेगळं. एवढं करून माणूस स्टॉलसमोर उभा राहतो, तो काहीतरी विचारायचं असतं म्हणून.

मागे शेजारच्या काकांसोबत अशाच एका प्रदर्शनात गेलो होतो. प्रदर्शन कोणतं, कंपनी कोणती, ते सोडा. काकांनी विचारलं, "भाऊ, हे औषध अन् आमच्याकडचं ते, दोन्ही एकाच पंपात चालते काय?" पोट्ट्यानं मोबाईलमधून मान वर न काढता सांगितलं, "चालते ना काका, बिनधास्त मारा." मी विचारलं, तुमचं शिक्षण शेतीतलं का? तो म्हणे, "नाही सर, मी तीन दिवसांसाठीच आलो, रोजीनं."

मला राग आला नाही, भीती वाटली.

२०१७ चा खरीप आठवा. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, तोंडाला काही नाही, अन् दोन-तीन औषधं एकत्र करून मारलेली, ही कारणं तेव्हा समोर आली. ज्या जिल्ह्यानं हे पाहिलं, तिथल्या माणसाला कोणी न वाचता "चालते" म्हणत असेल, तर ते नुसतं उद्धट वागणं राहत नाही. तो शब्द वावरात जातो, पंपात जातो.

त्याच दिवशी दुसऱ्या स्टॉलवर एक मुलगी होती. तोच प्रश्न. ती म्हणाली, "काका, मला नक्की माहीत नाही. साहेब जेवायला गेलेत, नंबर द्या, विचारून सांगते." संध्याकाळी आम्ही परतीच्या गाडीत असताना तिचा फोन आला. म्हणाली, एकत्र करू नका. काका अजून तिचं नाव काढतात.

म्हणून कंपन्यांना, अन् आपल्या वणीत स्टॉल लावणाऱ्या दुकानदारांनाही हात जोडून सांगणं आहे:

१. रोजीनं पोरं ठेवा, पण औषधाचा प्रश्न आला की कोणाला बोलवायचं ते त्यांना सांगून ठेवा. जाणकार माणूस एक तरी स्टॉलवर पाहिजेच.

२. डब्यावरचा त्रिकोण दाखवा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हेही सांगा.

३. "किती एकर?" विचारून, तीन एकर ऐकलं की माहितीपत्रक मागे ओढू नका. जहर एकर पाहून चढत नाही.

४. बाईनं विचारलं तर उत्तर बाईला द्या, नवऱ्याकडे पाहून नको. निंदण, वेचणी तीच करते.

५. रजिस्टरमध्ये नंबर लिहून घेता, महिनाभर विक्रीचे फोन करता. एक फोन त्याच्या प्रश्नाच्या उत्तराचाही करा.

अन् मालकांनो, ते पोट्टंही कोणाचं तरी लेकरू आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत उभं ठेवून पाणी, जेवण, बसायला वेळ दिला नाही तर ते मोबाईलमध्येच तोंड घालणार. दोष एकट्या त्याचा नाही.

आपल्याकडे बैलबाजारात विकणारा बैलाचं तोंड उघडून दात दाखवतो, चालवून दाखवतो. घेणाऱ्याचा तो हक्कच आहे. औषधाच्या स्टॉलवर तो हक्क कुठं जातो?

आपणही एक करू. उत्तर देणाऱ्याला सरळ विचारू, "हे डब्यावर कुठं लिहिलं आहे, दाखवा." दाखवता आलं नाही तर पुढच्या स्टॉलवर.

तुम्हाला काय अनुभव आला? चांगला असेल तर तोही लिहा.