वेठ नव्हे, श्रमदान

गावात श्रमदानाचे नाव निघाले की वस्तीतली जुनी माणसे कपाळाला आठ्या घालतात. आम्हाला त्यात नवल वाटत नाही. सरकारी टपाल पोचविणे, मयताची खबर गावोगाव नेणे, मेलेले ढोर ओढणे ही वतनाची वेठ आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले.

पण वेठ गेली म्हणून शेजारधर्मही सोडायचा काय? गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला, तो कोणाच्या हुकमावरून नव्हे. हुकमाने होते ती वेठ, मनाने होते ते श्रमदान.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की काम ग्रामसभेत ठरवून घ्या. घरटी एक माणूस यावा, पाटलाच्या वाड्यातला आणि आपल्या वस्तीतलाही. गटार आपण उपसायचे आणि फोटोला दुसऱ्यांनी उभे राहायचे, हे चालू देऊ नका. ज्या बंधाऱ्याला आपला घाम लागला, त्याच्या पाण्यात आपला वाटा मागा.

मात्र रात्री शेजारची बाई अडली, तर ग्रामसभेची वाट पाहू नका. जात न विचारता १०८ ला फोन लावा आणि सोबत जा.